आत्याचे धवले

कर्जत, १२ फेब्रुवारी २०२५

चि. नामास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, आणि मोबाईलवर अंगठ्याने टिपटिप करणं मला काही जमत नाही. रेडिओत होते तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं लिहायचे, तो हात अजून चालतो. घशातली गाठ वाईट निघाली रे. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्रच काढायचं, तेही महिन्याच्या आत. जीव वाचेल, आवाज जाईल.

मी त्यांना सांगून आले, अक्षय्य तृतीयेला भाचीचं लग्न आहे, त्यानंतर बघू. आपली आई धवलारीण. गावोगावच्या आगऱ्यांच्या लग्नांत तिने धवले गायले, आणि तुझ्या हर्षलाच्या हळदीला तेच धवले मी गाईन, असा शब्द मी तिला दिला होता.

खरं सांगू? मरणाची एवढी भीती नाही. बोलण्यात हाय-नाय येतं म्हणून पहिल्या ऑडिशनला साहेबांनी मला परत पाठवलं होतं. आरशासमोर बसून जीभ वळवली आणि पुन्हा गेले. पुढे शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यांनाच हाय-नाय बोलणारी ‘वहिनी’ हवी झाली. पोत्याने पत्रं यायची. बाजारात भाजीवाली आवाज ओळखून कोथिंबीर फुकट टाकायची. मग कार्यक्रमाची वेळ कापली, मग वहिनीच बंद झाली, आणि शेवटची वर्षं मी नुसती घड्याळातली वेळ सांगत बसले. टेपा पुसून त्यांवर दुसरं भरायचे, त्यामुळे माझं एक वाक्यसुद्धा तिथे शिल्लक नाही. नवरा नाही, मूल नाही. आवाज गेला की माझं म्हणून काय राहील, तूच सांग.

हर्षलाच्या आईला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चंद्राताई


खालापूर, १७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
नामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वालाच्या शेतात वाचलं आणि तिथंच बांधावर बसून राह्यलो. तू लय शानी हायस, पण या बाबतीत तुझं डोकं चालत नाय. ढोराचं दुखणं उद्यावर ढकलू नका, म्हणून रेडिओवर अख्ख्या तालुक्याला दम भरायचीस. आता सोताची गाठ अक्षय्य तृतीयेपर्यंत ढकलतेस व्हय गं? आईला शब्द दिलास ते मला माहीत हाय. पण त्यापायी जीव दे, असं काय ती बोलली नव्हती.

हर्षलाला पत्र वाचून दाखवलं. वाटलं रडंल, तर ती भांडायलाच उठली. म्हणाली, “आत्याला लिहा, ती मांडवात नसली तर मी हळदीच्या पाटावर बसणार नाय. मला तिचे धवले नकोत, ती पायजे.” लिहितोय ते जसंच्या तसं तिचंच हाय.

धोंडूबाईला भेटून आलो. आईच्या हाताखाली शिकलेली ती एकच उरली. वय झालंय, मधलं मधलं विसरते, पण गाईन म्हणते. तू तारीख घे. मी येतो तुझ्यासंगं, म्हशींचं शेजारचा विपुल बघंल.

माया हाय तशीच ठेव, उलट्या टपालानं होकार धाड.

तुझा,
नामा


कर्जत, २२ फेब्रुवारी २०२५

चि. नामास,
आशीर्वाद. वि. वि.

पोरीपुढे हरले. तारीख घेतली. डॉक्टरांना विचारलं, तोवर गाऊ का? ते म्हणाले, आता गायलात काय नि न गायलात काय, सारखंच. म्हणून रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आईचे सगळे धवले म्हणते. शेजारणी ऐकत बसतात. एकटीला घर खायला उठतं, हर्षलाला आठवडाभर पाठवून दे. कामाला लावणार नाही, फार तर लसूण सोलून घेईन.

आहे तो जिव्हाळा वाढव.

तुझी,
चंद्राताई


कर्जत, ५ मे २०२५

चि. नामास,
आशीर्वाद. वि. वि.

लेक सासरी गेल्यावर घर सुनं लागत असेल. हर्षलाच्या आईला सांभाळ. हळदीच्या वेळी तू टेंपोतून खुर्च्या उतरवून घेत होतास, म्हणून तिथे काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. मी सांगते.

धोंडूबाई छान गात होती. बायका मागून तीच ओळ ओढत होत्या. तिसऱ्या धवल्याच्या मध्यावर ती अडली. पुढची ओळ काही केल्या आठवेना. रेडिओत अशी शांतता पडली की मी लगेच काहीतरी बोलून ती भरायचे. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सवयीने मी तोंड उघडलं, तर नुसती हवा, तीही गळ्याच्या भोकातून. हातातल्या पाटीवर ओळ लिहिली, पण धोंडूबाईला कुठे वाचता येतं! नामा, तेवढ्या वेळात मला वाटलं, ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नसते तर बरं झालं असतं.

आणि पाटावरून आवाज आला. गालाला हळद, मान खाली, आणि हर्षला पुढची ओळ गात होती. माझ्याकडे राहिली तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत मोबाईल बघत बसायची. मी समजले, हिचं लक्ष नाही. नवरीने आपले धवले आपणच गायचे नसतात. मागून कोणीतरी तसं बोललंही. धोंडूबाईने हात वर करून त्या बोलणारीला गप्प केलं आणि पोरीच्या मागे स्वतः गायला लागली. मग सगळ्याच.

ओळ आईची, चाल आईची. पण मी जिथे थांबून श्वास घ्यायचे, नेमका तिथेच हर्षलाने श्वास घेतला. प्रत्येक ओळीला.

ती माहेरपणाला आली की आधी इकडे पाठव. तुम्हां सगळ्यांवर जीव आहे, तुमचाही असू द्या.

तुझी,
चंद्राताई