कोमट पाणी

प्रिय इंगाताई,

मी सुखरूप आहे, वेळेवर जेवतो आणि तू विणलेली टोपी मैदानावर घालतो. हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

शनिवारी आम्ही जिंकलो. माझ्या कोचगिरीच्या एकतीस वर्षांतला हा दोनशेवा विजय! मोठा सामना जिंकला की पोरं मागून येऊन बर्फाच्या पाण्याचं पिंप माझ्या डोक्यावर उपडं करतात, ते तुला ठाऊकच आहे. मी दात आवळून उभा राहिलो. पिंप रिकामं झालं, आणि पाणी चक्क कोमट!

मी भडकलो. "अरे, मी काय तान्हं बाळ आहे? बर्फ कुठंय?"

कर्णधार ड्वेन हेल्मेट काखेत धरून म्हणाला, "कोच, बर्फ संपला होता." मैदानाभोवती घोटाभर बर्फ साचलेला, आणि म्हणे संपला! एवढा आडदांड गडी, पण खोटं बोलला की कान लाल होतात. मग पाचजणांनी मिळून मला कोरडा कोट चढवला. खरं सांगू? बरं वाटलं.

ऑर्व्हिलभावोजींचा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली का?

आणि हो, छातीत दुखतं हे मी या गावात कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त तुला लिहिलं होतं.

रागावलो नाही. सोमवारी डॉक्टरकडे जातोय. या वेळी ड्वेनला मीच सांगेन, तू पुन्हा त्याला लिहायची तसदी घेऊ नकोस.

तुझा हट्टी भाऊ,
वेंडेल