मास्तरांनी माफ केलं, मी नाही

३ नोव्हें., सोम.
यांच्या पायाला प्लॅस्टर लागून आठवडा झाला. चौक गावच्या वळणावर यांच्या स्कूटरला धडकलेला टेंपो कडावच्या काशिनाथचा. चूक त्याचीच. पळाला मात्र नाही, दवाखान्यात त्यानेच आणलं. यांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्याला माफ करून टाकलं. आज परत आला, घरच्या म्हशीचं किटलीभर दूध घेऊन. उंबऱ्याबाहेर बसतो. चहा नको म्हणतो.

७, शुक्र.
रोज दूध. खीर झाली, बासुंदी झाली, आज पनीर. हे खुशीत. "पाय जरा आधीच मोडायला हवा होता." मीही हसले. मग चुलीपाशी उगाच भांडी आपटली.

९, रवि.
चर्चला एकटीच. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर' या ओळीशी आवाज बारीक झाला. घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, "मग खोटं म्हणू नकोस. तेवढी ओळ गप्प राहा." वर पनीर मागितलं.

१२, बुध.
काशिनाथला म्हटलं, "मास्तरांनी माफ केलंय ना? मग रोज कशाला येतोस रं?"
खाली बघून म्हणाला, "मास्तरांनी केलंय, वैनी. तुमी नाय केलं. कळतं मला."
नाही नाही म्हणणार होते. पण...
"नाही केलं. डोळे मिटले की हे रस्त्यावर पडलेले दिसतात. पण करायचंय मला. देवाकडे मागतेय."
त्याने मान वर केली. मग म्हणाला, "आता मोकळं वाटलं. चहा टाका."
आत येऊन बसला. दोन कप प्यायला. भातकापणीचं बोलत राहिला. आतून हे, "मलाही आण."

३०, रवि.
प्लॅस्टर निघालं. हातात काठी. लंगडणं राहील की जाईल, डॉ. सांगत नाहीत. हे म्हणतात, चालतोय हेच पुष्कळ.
चर्चमध्ये आज पिकाची उपकारस्तुती, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार. काशिनाथ सकाळीच टेंपो घेऊन आमच्या दारात, तोच टेंपो. मागे नव्या तांदळाचं पोतं. "तुमच्या देवालाबी." हे पुढे चढून बसले. माझा पाय उचलेना. कुणी घाई केली नाही. चढले.
इतका हळू चालवत होता की सायकलवाला पुढे गेला. पहिली मीच हसले.
पोतं उतरवून तो चर्चच्या दाराशी थबकला. "मी आत येऊ का, वैनी?"
यांनी माझ्याकडे पाहिलं.
"ये," म्हटलं. बाकावर सरकून जागा केली. पूर्ण माफ झालं का, ते अजून... बसला शेजारी. गाणी येत नव्हती त्याला, टाळ्या मात्र तालात.