वरच्या खुंटीवरची कढई

आई, मी तुझ्यावर अजून चिडलेले आहे. तू जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, तरी राग निवलेला नाही, आणि या आठवड्यात तर तो पुन्हा उकळी फुटल्यासारखा वर आला आहे.

स्वयंपाकघरात वरच्या खुंटीला टांगलेली ती लोखंडी कढई आठवते ना? नाताळ आला की तू ती उतरवायचीस. आपल्या रोजच्या कढईत मासे तळले जायचे, अंडी व्हायची, म्हणून शेजारच्या काकूंच्या फराळासाठी ही वेगळी. काकूंच्या घरी आपल्यासाठी पाण्याचा पेला वेगळा, खिडकीत पालथा घातलेला, आणि तू त्यांच्यासाठी कढई जपणार! मी एकदा भांडलेच. लाज नाही का वाटत, म्हणाले. करंजीची कड मुरडताना तू मान वर केली नाहीस. "आपल्याकडचं खाताना त्यांना भीती वाटू नये, एवढंच माझ्या हातात आहे. पेल्याचं त्या बघतील. प्रभूनं मला त्यांच्यावर पहारा करायला बसवलेलं नाही. सुम्ने, उगाच डोकं खाऊ नको." तेवढ्यात काकू मागच्या दारानं येतात, पाटावर बसतात आणि काही न विचारता गरम करंजी तोंडात टाकतात. तुला त्यात दया दिसायची. मला लाचारी दिसायची, आजही दिसते.

कारण त्याच करंज्या खाऊन मोठा झालेला काकूंचा मुलगा गेल्या वर्षी आपल्या घरच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला चार माणसं घेऊन आला. आत कोण, तर गुडघे धरून बसलेल्या पाचसहा म्हाताऱ्या आणि एक भाता फाटलेली पेटी. "अक्का, ही बाटवाबाटवी बंद करा, नाहीतर पोलिसांना बोलावतो," बूट घालून उंबऱ्यात उभा राहून तो म्हणाला. प्रार्थना बंद पडली. त्या संध्याकाळी मी तुझी कढई खाली काढली आणि तिच्यात अंडी फोडली. पुढे मटणही परतलं. मुद्दाम केलं, आणि बरं वाटलं.

आता काकू पडल्यात, खुब्याचं हाड मोडलंय. मुलगा कडकोळच्या कारखान्यातली पाळी करून त्यांचं बघतो. परवा तो दारात आला, चपला बाहेर काढून. "अक्का, आई स्वल्पसुद्धा खात नाही. तुमच्याकडच्या नाताळच्या करंज्या पाहिजेत म्हणते. मी म्हटलं, कशात तळतात विचारून घेतो, तर माझ्यावरच चिडली. त्यांची कढई वेगळी असते, म्हणाली, विचारायचं नाही." मी "बघते" म्हणून दार लावून घेतलं.

खोबरं खवताना मी काय ठरवलं होतं, ते तुला ऐकावंच लागेल. अंडी-मटण केलेल्या त्याच कढईत तळायच्या. काकू खातील, तोही एखादी खाईल, आणि मी समोर उभी राहून बघेन. कुणाला कळणार होतं? तेल ओतलं, गॅस पेटवला, पहिली करंजी हातात घेतली, आणि काकूंचं ते "विचारायचं नाही" काही केल्या डोक्यातून जाईना. तुला आणि त्यांना, दोघींना मनातल्या मनात शिव्या घालत मी गॅस बंद केला, पायात चप्पल सरकवली आणि बाजारातून नवी कढई आणली. करंज्या दारातच त्याच्या हातात दिल्या. त्यानं हात जोडले, मी जोडले नाहीत. त्याला मी माफ केलेलं नाही. त्यानंही प्रार्थना पुन्हा सुरू करा असं म्हटलेलं नाही. तुझ्यासारखं हसून देणं मला जमलं नाही, आणि जमावं असं वाटतही नाही.

हे तुला कुठे पाठवणार? तुझ्या बायबलात घालून ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. नवी कढई घासली, पुसली आणि वरच्या खुंटीला टांगली. आज रविवार, अंडी तुझ्या जुन्या कढईत केली.