टेकडीच्या बसची तब्येत

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझी खुशाली विचारत नाही, ती आमच्याच पेपरात छापून येते. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतोय, तोंड मात्र नेहमीसारखं चालू आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देतेय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

पहिली बातमी आनंदाची. माझं पान वाचलं! काल मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की राजकारणाचं पान आहे तिथेच राहणार. मी खुर्चीतून अशी उठले की चहा सांडला, तोही नेमका मालकांच्या कागदांवर.

निकालानंतर ते पान अखेरच्या घटका मोजत होतं, हे तुला ठाऊक नसेल. निवडणुकीत लोक पेपरवर तुटून पडायचे. न्हाव्याच्या दुकानात पानं वाटून घ्यायचे. मग तू नगरसेवक म्हणून निवडून आलास, जल्लोष झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी पाठ फिरवली. आईसुद्धा माझं पान पसरून त्यावर कांदे सोलायची. विचारलं तर म्हणाली, "अगं, आता त्यात वाचायचं काय? जिंकला माझा मुलगा. संपलं." मालकांनी मला महिनाभराची मुदत दिली. त्यानंतर तिथे मोठं शब्दकोडं येणार होतं आणि मी जाहिराती गोळा करत फिरणार होते.

एका सकाळी आई मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीची शेजारीण दवाखान्यात होती. त्या बाईला आईनं उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, तरी रोज चौकशी. "आज कशा आहेत? चार घास खाल्ले का?" माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कोण कुठल्या बाईसाठी जीव टांगणीला लावणारी माणसं आपल्याच शहरातल्या कामांची चौकशी का करणार नाहीत? फक्त रोज थोडं थोडं कळायला हवं.

पानाच्या कोपऱ्यात मी एक चौकट सुरू केली, 'आजची तब्येत'. निवडणुकीतलं एक आश्वासन म्हणजे एक पेशंट. पहिला पेशंट म्हणून घेतली टेकडीची बस.

इथे तू दातओठ खाणार. टेकडीवरच्या वस्तीला बस देण्याचं वचन तुझं होतं आणि मी ते मुद्दाम निवडलं. दुसऱ्या कोणाचं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, भावाला झाकते. मी लिहिलं, 'टेकडीची बस आगारात पडून आहे. अंगानं ठणठणीत, पण चालकाचं पद मंजूर नसल्यानं जागची हलत नाही. जवळचे नातेवाईक अजून बघायला फिरकलेले नाहीत.' जवळचे नातेवाईक कोण, ते शेंबड्या पोरालाही कळलं. संध्याकाळी तू दारातूनच म्हणालास, "तुझ्यापेक्षा परके परवडले. सख्खी बहीण असून मला चव्हाट्यावर आणलंस." गेलास तो गेलासच.

चौकट मी थांबवली नाही. रडायचे, डोळे पुसायचे, आगारात फोन लावायचे आणि लिहायचे. 'आज बसला अंघोळ घातली.' 'आज बसखाली मांजरीनं पिल्लं घातली, पेशंटला सोबत झाली.' लोक हळूहळू वाचायला लागले ना! शिंपी माप घेताना विचारी, "ताई, बस काय म्हणते?" मग टेकडीवरच्या बायका थेट आगारात गेल्या. पहारेकऱ्यानं अडवलं तर म्हणाल्या, "पेशंटला बघायला आलोय. भेटायची वेळ आहे ना ही?" बसभोवती उभ्या राहून त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, पद मंजूर कोण करतं, कुठे करतं आणि कधी करतं. पद नगरपालिकेच्या सभेत हात वर करून मंजूर होतं, हे त्यांना कळलं आणि मी ते छापलं. त्या दिवशी कांदे तसेच ठेवून आईनं विचारलं, "मंजूर करायला किती जणांचे हात वर व्हावे लागतात गं?"

दादा, मी तिथेच जिंकले. मालकांचं मत नंतर बदललं.

शुक्रवारच्या सभेला प्रेक्षकांची गॅलरी गच्च भरली होती, ती तू पाहिलीसच. आई शिंप्याच्या बायकोशेजारी गुडघा चोळत बसली होती. तू उभा राहिलास. मला वाटलं, आता लांबण लावणार. तू म्हणालास, "बस आहे, रस्ता आहे, बसणारी माणसं वर बसली आहेत. चालवणारा तेवढा द्या." आणि खाली बसलास. हात वर झाले, ठराव मंजूर झाला, आणि मी टाळ्या पिटल्या. एकटीनंच. गॅलरीतले सगळे गप्प, कारण टाळी वाजवणाऱ्याला बाहेर काढतात, हे मीच आदल्या दिवशी चौकटीत छापलं होतं!

अध्यक्ष कडाडले, "कोणी वाजवली टाळी?"

तू मागे वळूनही न बघता म्हणालास, "माझी बहीण असणार, अध्यक्ष महोदय. तिला लहानपणापासून दम धरवत नाही."

अख्खं सभागृह हसलं. मला बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर मी हसतेय की रडतेय, हे शिपायाला कळेना. त्यानं आपलं पाणी आणून दिलं.

सोमवारी पहिली बस सुटतेय. चौकट मात्र चालूच राहील. उद्यापासूनचा पेशंट तुझ्याच वॉर्डातली पाण्याची टाकी आहे. तू पुन्हा चिडशील. खुशाल चिड, पण घरी येऊन, ताटावर बसून चिड. तुझ्यावाचून घर खायला उठतं. हे मी आईलाही बोलले नाही, तुलाच सांगतेय.

आणि सबब सांगू नकोस. मी चौकशी करून आले आहे. सभेत जे बोललं जातं ते इतिवृत्तात उतरवतात. तू मला भर सभेत बहीण म्हणालास, तेही उतरलंय. पुढच्या सभेत ते वाचून, बरोबर आहे म्हणून कायम करतील, तेव्हा तुलाही हात वर करावा लागेल.

तुझी,
इतिवृत्तात नोंदलेली बहीण