अठ्ठावीस हजार पॉइंटांची निष्ठा

ती. भावोजींना,

कात्री खाली ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडचं क्षेम विचाराल तर शिलाई मशीन ठीक आहे, बायको ठीक आहे आणि मी पेटलोय. तुमची कंबर कशी आहे? शेकता का? (शेकत नसणार. सांगून ऐकाल तर तुम्ही कसले.) ताईच्या तब्येतीची चौकशी पत्रात करत नाही, कारण ती मी रोज फोनवर करतो आणि रोज ती “मला काय धाड भरलीय” म्हणून उलट मलाच जेवलास का विचारते. हृदयाची झडप बदलायची, पुढच्या बुधवारची तारीख पडलीय, आणि बाईसाहेबांनी डॉक्टरांना ठणकावून ठेवलंय की माझा भाऊ आल्याशिवाय मी आत जाणार नाही. डॉक्टर म्हणे हसले. तुम्ही हसला नाहीत, कारण तुम्ही तिच्याबरोबर संसार केलाय. म्हणूनच तुम्ही दर फोनला विचारता, तिकीट काढलंस का, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन तिच्या हातात देता. तिच्यासमोर मला धड भांडताही येत नाही. म्हणून हे पत्र. तर भावोजी, तिकीट काढलेलं नाही. का नाही, ते सविस्तर सांगतो, जरा टेकून बसा.

तुम्हाला बँकेतला तो गुळगुळीत माणूस आठवणार नाही, कारण तो तुमच्याकडे कधी आलेलाच नाही. माझ्याकडे आला होता, पँटीची कंबर सैल करून घ्यायला. मी माप घेत होतो आणि तो मला कार्ड विकत होता. म्हणाला, या कार्डावर जे काही घ्याल त्याचे विमान कंपनीचे पॉइंट मिळतात, पंचवीस हजार झाले की ताईंकडे फुकट उडत जा. पंचवीस हजार हा आकडा त्याने माझ्याच खडूने माझ्याच कटिंगच्या टेबलावर लिहून दाखवला. फुकट ते पौष्टिक! त्या दिवसापासून मी अस्तर, बटणं, रिळं, मशीनचं तेल, सगळं कार्डावर घेत आलो. समोरचा कापडवाला रोखीला सूट देत होता, ती मी बाणेदारपणे नाकारली. (बायको म्हणते, त्या सुटीच्या पैशांत दोन तिकिटं आली असती. तिचा हिशेब नेहमी बरोबर असतो, म्हणून मी तो ऐकत नाही.) काज करायचं मशीन एक असताना दुसरं घेतलं, ते का, तर त्यावर दुप्पट पॉइंट होते. असे करता करता अठ्ठावीस हजार झाले. कंपनीचा निरोप आला, अभिनंदन, आपण आमचे निष्ठावंत सदस्य आहात. मी तो बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, आणि ते तुमचे कोण?

तेव्हा मी तिला झटकून टाकलं. ताईची तारीख ठरली, त्या संध्याकाळी मी पाय धुऊन, चष्मा पुसून फोन घेऊन बसलो. तिकिटाला एकेचाळीस हजार पॉइंट! मला वाटलं, चुकून सगळ्या कुटुंबाचं काढतोय. परत बघितलं तर त्रेचाळीस. बायको म्हणाली, अहो, सारखं सारखं बघू नका, तुमची नड आहे हे त्यांना कळत असेल. म्हणून मग मी नड नसल्यासारखं बघायला लागलो. आधी भलत्याच तीन गावांची तिकिटं बघितली, मध्ये उठून पाणी प्यालो, एकदा तर जांभई दिली, आणि मग सहज नजर जावी तसं तुमच्या गावाचं बघितलं. चव्वेचाळीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीने आलो असतो हो, पण मध्ये समुद्र आहे, आणि पोहण्याच्या बाबतीत माझी मजल गुडघ्यापर्यंतच.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. बराच वेळ पेटी वाजवून झाल्यावर (तीच तीच धून, आता ती मशीन चालवताना माझ्या पायात येते) एक गोड मुलगी म्हणाली, सर, दर मागणीप्रमाणे बदलतात. मी म्हटलं, बाई, मागणी माझी एकट्याची आहे, ती काल होती तेवढीच आज आहे. तिने मला परत पेटी ऐकवली. म्हणून मी दुकान बंद करून थेट त्यांच्या कचेरीत गेलो. थंडगार खोली, काचेचं टेबल, मागे टाय लावलेला एक साहेब. (कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब. मी बोललो नाही. माणसाने वादात खालच्या थराला जाऊ नये.) मी गळ्यातली टेप काढून त्याच्या टेबलावर पसरली आणि विचारलं, ही टेप साठ इंचाची आहे. उद्या तुम्ही कोट शिवायला आलात आणि मी म्हटलं की आज गर्दी आहे, आज चाळीस इंचांनाच साठ म्हणायचं, तर चालेल? तो म्हणाला, सर, पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत, ती आमची भेट आहे. भेट! भावोजी, तुम्ही जन्मभर वजनमापं खात्यात तराजू तपासलेत. वाण्याच्या मापाचा तळ आत ठोकलेला दिसला की तुम्ही त्याला भर बाजारात दंड करत होता. तो वाणीही म्हणू शकला असता की साहेब, हे माप मागणीप्रमाणे बदलतं. तुम्ही सोडलं असतं त्याला? दर बदलावा, माझी ना नाही. दर सगळ्यांचेच बदलतात, माझेही बदललेत. पण वर्षानुवर्षं माणसाला पंचवीस हजार दाखवून गोळा करायला लावायचं, आणि तो धापा टाकत पोचला की पाटी उचलून पुढे नेऊन ठोकायची, याला व्यापार म्हणत नाहीत, याला तोंडाला पानं पुसणं म्हणतात. हे सगळं मी उभ्याने, खणखणीत आवाजात बोललो. मागे रांगेतल्या एका आजोबांनी टाळी वाजवली. साहेबाने मला एक चॉकलेट दिलं.

मी चॉकलेट खाल्लं, पण माघार घेतली नाही. घरी आलो आणि दुकानाबाहेर पाटी लावली: येथे शिलाईचे दर मागणीप्रमाणे बदलतात. म्हटलं, होऊ दे लोकांना कळायला, कसं लागतं ते. सकाळी गर्दीच्या वेळी दुप्पट, दुपारी सुस्तीच्या वेळी अर्धे. माझी कल्पना अशी होती की लोक खवळतील, दारात जमतील, मग मी बाकावर चढून त्यांना खरा शत्रू कोण ते समजावून सांगेन. भाषण तयार होतं. पण लोक म्हणजे लोकच. त्यांनी पाटी वाचली, बरं म्हणाले, आणि दुपारी आले. पेन्शनरांना तर उकळ्या फुटल्या. एक मास्तरीणबाई चार परकर घेऊन ऐन दुपारी हजर, वर मला म्हणतात, कित्ती सोयीचं केलंत हो! सकाळची धक्काबुक्की थांबली, दुपारी माझी पेंग थांबली, आणि आठवड्याच्या शेवटी गल्ला बघून बायको म्हणाली, अहो, ते कंपनीवाले काही वेडे नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. (तिला ते तिसऱ्या दिवशी कळलं.)

पण थांबा, मी हरलो असं समजू नका. परवा सकाळी, ऐन दुप्पट दराच्या वेळी, कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वेटर धावत आला. एकच काळी पँट, ती मागून उसवलेली, आणि कामावर हजर व्हायला जेमतेम अर्धा तास. पाटी वाचून बिचारा दारातच उभा राहिला आणि खिसे चाचपायला लागला. दुपारी ये म्हणणार कोणाला? फाटली ती सकाळी. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याला सवड आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला महाग, असा हा न्याय आहे. मास्तरीणबाईंचे परकर महिनाभर थांबले असते, याची पँट थांबणार नव्हती, आणि नेमकं त्यालाच दुप्पट! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते ठीक, पण गाढवाने त्याचंही दरपत्रक लावायचं? मी त्याला पडद्यामागे उभं केलं, पँट शिवून दिली, एक पै घेतली नाही आणि पाटी उचलून माळ्यावर टाकली. (बायकोने ती परत आणून लावलीय. तो वाद वेगळा.) तेव्हा भावोजी, हे पैशांचं भांडणच नाही. रोख मोजून तिकीट काढायची ऐपत देवाने दिलीय. पण मी काढणार नाही. पंचवीस म्हणाले होते, पंचवीसच घ्यावेत. शिंपी असलो तरी कण्याच्या जागी काही धागा नाही माझ्या. मी वाकणार नाही, वाकणार नाही, वाकणार नाही.

मोठ्यांना नमस्कार, आणि तुमच्याकडे लहान कोणी नाही म्हणून मांजराला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
(एकतर्फी) निष्ठावंत सदस्य

ता. क. एक बारीकशी विनंती. त्या बुधवारनंतर तीन आठवड्यांनी जो मंगळवार येतो, त्या दिवशी तिकिटाला मोजून पंचवीस हजार दिसताहेत. डॉक्टरांना विचारून ऑपरेशन तेवढं पुढे ढकलता येईल का? झडप इतकी वर्षं चाललीच आहे. सहज विचारा, नड आहे असं दाखवू नका.

ता. क. २. वरचं सगळं बायकोने वाचलं. आता ती कंबरेवर हात ठेवून शेजारी उभी आहे आणि म्हणते, खरं काय ते लिहा, नाहीतर मी वन्संना फोन लावते. लिहितो. मागच्या सोमवारी दुपारी त्याच तिकिटाचा दर उतरला होता. चोवीस हजार, म्हणजे खडूने लिहिलेल्या आकड्याच्याही खाली. खिडकीची जागा. माझं बोट त्या बटणावर होतं. मी फोन पालथा घातला आणि एका कोटाची बाही उसवायला घेतली, जिला काही झालेलं नव्हतं. भावोजी, ताई म्हणालीय ना, मी आल्याशिवाय ती आत जाणार नाही. मग मी येईपर्यंत तरी ती बाहेर आहे, भाजी चिरतेय, तुमच्यावर ओरडतेय, मला जेवलास का विचारतेय. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते.

ता. क. ३. बटण बायकोने दाबलं. मी माझी बाजू मांडत असताना दाबलं. तोवर दर परत चढला होता, म्हणून अठ्ठावीस हजारही गेले आणि वर रोखही गेली, जागा शेवटच्या रांगेत, संडासाशेजारी. कंपनीचं वागणं बेकायदा आहे हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे, त्यात काडीचा बदल नाही. मंगळवारी संध्याकाळी पोचतो. पत्र टपालात टाकलं तर माझ्यानंतर येईल, म्हणून बरोबरच आणतोय, आणि बुधवारी ताई आत गेल्यावर तुमच्या हातात देणार आहे. म्हणजे भावोजी, हे तुम्ही वाचताय तेव्हा ती आत आहे आणि मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलोय. त्या दाराकडे बघू नका, मीही बघत नाही. चष्मा पुसा आणि माझ्याशी भांडायला लागा. तुम्ही कंपनीची बाजू घ्या. आणि ती बाहेर येईपर्यंत माझं एक अक्षरही पटवून घेऊ नका.