सगळ्याला 'हो'

आई,

सतरा वेळा सांगितलं, वाचल्याशिवाय दाबू नकोस. काल त्या मैत्रीच्या साइटवर जे विचारेल त्याला तू 'हो' दाबत गेलीस, म्हणून तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेला: 'मंजुळाला तुमच्याशी मैत्री करायची आहे.' बर्फवाल्याने तर उलट बदाम पाठवलाय! पासवर्ड बदललाय. 'चुकून गेलं' म्हणून सगळ्यांना कळवलंय.

फक्त हिरामावशीला नाही. मासळीबाजारातल्या ओट्यावरून भांडलात तेव्हापासून तुमचं बोलणं बंद, आणि आज सकाळी मला तिचाच फोन. "मंजू खरंच असं बोलली?" मी हो म्हटलं.

दुपारी जेवायला येतेय. बोंबील साफ करून फ्रिजमध्ये ठेवलेत. दारात ती 'येऊ का?' विचारेल. बोटाने दाबलंस ते 'हो' एकदा तोंडाने म्हण.

कृणाल