आजपासून काच माझ्याकडे

सोमवार, ५ सप्टेंबर २००५. संध्या. ७
आज मोठा दिवस. साहेब मशीनपाशी थांबले आणि म्हणाले, "झुंबर, आजपासून ती काच तुझ्याकडे." पुढे काही बोलले नाहीत, पण अशा गोष्टींचा बोभाटा करत नसतात. म्हणजे मी आता लेन्स इन्चार्ज.
अंबडला लेसर कटिंगची मशीनं आहेतच किती! त्यातल्या एकाची काच माझ्या हातात. बिस्किटाएवढी, गोल. मशीनच्या डोक्यात, मेन लेन्सच्या खाली बसते. पत्रा कापताना उडालेली ठिणगी, धूर, सगळं स्वतःच्या अंगावर घेते आणि वरच्या लेन्सला वाचवते. तिचं नाव कोणी काढत नाही. आमचं जमणार.
गॅसच्या सप्लायरनं दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून रोज लिहिणे. तंबाखू बंद. आणि दसऱ्याच्या आत सविताला माहेराहून, घोटीहून आणणे. होळीनंतर गेली आहे. तिच्या आईचा गुडघा. गुडघ्याला वेळ लागतो.

गुरुवार, ८ सप्टें.
दोन दिवस लिहिलं नाही. गणपती. घरी बसवला नाही, नैवेद्य कोण करणार. खालच्या वत्सलाकाकूंनी मोदक आणून दिले. उंबऱ्यातच थांबल्या. म्हटलं, पाय पुसून या आत. म्हणाल्या, राहू दे.
तंबाखू: सण होता म्हणून.

रविवार, ११ सप्टें.
पद्धत पक्की केली. हातमोजे. लेन्सचा खास कागद. ॲसिटोनचे दोन थेंब. कागद काचेवर ठेवून एकदाच आपल्याकडे ओढायचा, दाबायचा नाही. तो कागद फेकून द्यायचा. बोट लावायचं नाही. तोंडानं "हा" करून शर्टाच्या टोकानं पुसायचं तर नाहीच नाही. किशोर, आमचा ऑपरेटर, गॉगल असाच पुसतो. त्याला काचेपासून चार हात लांब ठेवलं आहे.
मशीनच्या पुस्तकात आठवड्यातून एकदा पुसा असं लिहिलंय. मी रोज दोनदा पुसतो. पुस्तक आळशी लोकांसाठी असतं.

शनिवार, १७ सप्टें. कंपनीला सुट्टी
घोटीला फोन. सासूबाईंनी घेतला, धापा टाकत होत्या. आत्ताच बाजारातून चालत आल्या म्हणे. मी म्हटलं, अशा गुडघ्यानं चालू नये. म्हणाल्या, "कोन्ता गुडघा?"
डावा की उजवा ते मलाही आठवेना. विचारून ठेवायला हवं होतं. तोवर त्या म्हणाल्या, सविता शेतात हाय, भात लय आलाय यंदा. फोन ठेवला.
दिवसभर घर आवरलं. आवरायला काही नव्हतं. कालच आवरलं होतं. संध्याकाळी विसर्जनाचा ताशा ऐकत गॅलरीत बसलो. तंबाखू थोडी.

गुरुवार, २२ सप्टें.
किशोरनं स्टोअरचं रजिस्टर दाखवलं. आधी एक काच दीड महिना जायची, माझ्याकडे आल्यापासून आठवड्याला एक लागते. मी त्याला समजावलं की आधी खराबी कोणाला दिसतच नव्हती. तो डोळे मिटून हसला. जळतो.

शनिवार, २४ सप्टें. सुट्टी
आज आरसा पुसला. तोही तसाच, एकदाच ओढून.
सविताची एक सवय होती. आंघोळीला जाताना कपाळावरची टिकली आरशावर चिकटवायची. सात वर्षं सांगितलं. आरशात तोंड बघावं तर आपल्याच गालावर, हनुवटीवर लाल ठिपके. शेवटी मार्चमध्ये कंपनीतून थोडं ॲसिटोन आणलं आणि सगळ्या टिकल्या काढल्या. एकवीस निघाल्या. आरसा असा लखलखीत झाला की तिला मुद्दाम बोलावून दाखवला.
ती बराच वेळ आरशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या घरात माझं एवढंसुद्धा राहू देत नाही तुम्ही."
दुसऱ्या दिवशी आईचा गुडघा दुखायला लागला. योगायोग.

बुधवार, २८ सप्टें.
नोटीस लागली. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा, सगळ्यांनी घरच्यांना आणावं. साहेब म्हणाले, लेसरची पूजा एका जोडीच्या हातून करू, कोण बसतंय? मी हात वर केला. किशोरनं माझ्याकडे पाहिलं.
फोन केला. आज सविताच होती. पूजेचं सांगितलं, इन्चार्जचंही सांगितलं. ती म्हणाली, "बघू."
बघू म्हणजे हो. सात वर्षांचा अनुभव आहे.

रविवार, ९ ऑक्टो.
तयारी पूर्ण. तिची हिरवी साडी इस्त्री करून आणली. एकच अडचण. पूजेत सगळे मशीनला हळदकुंकू फासणार. ओलं कुंकू काचेला लागलं तर संपलंच. पण सगळ्या मशीनला कुंकू आणि काच तशीच, हेही बरं दिसत नाही. विचार करून तोड काढली. टिकली! कोरडी, सुबक, नंतर सोलून काढता येते. कपाटात सविताचं पाकीट सापडलं. एकच उरली होती. मखमली, मरून रंगाची.
ह्याला डोकं लागतं.

मंगळवार, ११ ऑक्टो. खंडेनवमी
सकाळी आठपासून गेटवर होतो. घोटीहून येणाऱ्या गाडीला उशीर होतोच. दहाला साहेबांनी बोलावलं. म्हटलं, पाच मिनिटं. साडेदहाला परत बोलावलं. पावणेअकराला किशोर आणि त्याची बायको छाया पाटावर बसले. वॉचमन म्हणाला, भाऊ, आत जा, आल्या तर मी पाठवतो.
सगळे प्रसादाला गेल्यावर मशीनचं डोकं उघडलं आणि काचेवर मधोमध टिकली लावली. हात जोडले. एकट्यानंच. छान दिसत होती. पाच मिनिटं तशीच राहू दिली, मग आणखी पाच.
मग सोलून काढली, काचेवर राहिलेला तिचा गोंद ॲसिटोननं काढला, काच पुसली. टिकली टाकवेना. ह्याच पानात ठेवली आहे.
पेढा दिला होता, खाल्ला नाही.

गुरुवार, १३ ऑक्टो.
मशीन चालू केलं आणि तिसऱ्या पत्र्याला टक् असा आवाज. काच फुटली. खराब माल येतो हल्ली. पुण्याहून इंजिनिअर बोलावला आहे. बरंच झालं, माझी पद्धत त्याला दाखवता येईल.

शुक्रवार, १४ ऑक्टो.
इंजिनिअर आला. काचेचे तुकडे जुळवून उजेडात धरले. मधोमध जळका डाग, बरोबर गोल. विचारलं, हे काय? साहेब बघायला लागले, मी बघायला लागलो. किशोर हळूच म्हणाला, "साहेब, ही टिकली आहे." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग इंजिनिअरनं आधीच्या काचाही मागवल्या. म्हणाला, ह्या धुळीनं नाही गेल्या. काचेवर बारीक थर असतो, तो पुसून पुसून उडवलाय. मी म्हटलं, पण मी दाबत नव्हतो. तो म्हणाला, "पण थांबतही नव्हता ना."
काच किशोरकडे. मला कापलेल्या पत्र्यांच्या कडा घासायला बसवलं आहे. कानस मिळाली. कानस कशीही वापरली तरी चालते.

मंगळवार, १८ ऑक्टो. संध्या. ६
काकू जिन्यातच भेटल्या. हातात आमच्या घराची किल्ली. दुपारी सविता आली होती, भावाबरोबर, टेम्पो घेऊन. शिलाई मशीन आणि ट्रंक नेली. मी कामावर असतो हे तिला माहीत आहे. म्हणूनच मंगळवार.
काकू जायला वळल्या आणि परत थांबल्या. म्हणाल्या, "आरशासमोर उभी होती बराच वेळ. मला विचारलं, अजून पुसतात का हो? मी म्हटलं, रोज."
पुढे काही विचारलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या.
हिरवी साडी नेली नाही. इस्त्रीची घडी तशीच.

शुक्रवार, २१ ऑक्टो. संध्या. ७
तीन दिवस आरसा पुसला नाही. तरी स्वच्छच आहे. घरात एकट्या माणसाची धूळ होऊन होऊन किती होणार.
अकरा तारखेचं पान उघडलं. टिकली होती. आरशाला लावली, पडली. परत लावली, परत पडली. गोंद मीच काढला होता, एकदाच ओढून, पद्धतशीर. शेवटी कुकरमधलं भाताचं शीत घेतलं आणि त्यानं चिकटवली. वाकडी बसली. शिताचा डागही पडला. राहू दे.
आता आरशात बघितलं तर ती माझ्या गालावर येते.
उद्या शनिवार. घोटीला फोन करायचा. गुडघ्याबद्दल विचारायचं नाही.